न विचारता दिलेला होकार: 'पोर्गी अँड बेस' आणि सिडनी पॉइटियर, एक प्रकरण अभ्यास

सिडनी पॉइटियर या काळ्या नटाच्या नावाने भलत्याच माणसाने 'पोर्गी अँड बेस' या सिनेमासाठी शब्द देऊन टाकला आणि तो निभवायची पाळी नटावर आली, अशी ही केस. सगळे कलाकार काळे असलेल्या हॉलिवूड म्युझिकल्सबद्दल लिहिताना लोक बहुतेक वेळा गाणी, नाच, कपडे यावरच थांबतात, नाहीतर मग 'किती वर्णद्वेषी होतं ते सगळं' म्हणून मोकळे होतात. मला त्यातला व्यवहार बघायचाय, म्हणजे रोल कुणाला कसा मिळायचा, नाही म्हटलं तर काय व्हायचं, आणि नाही म्हणायची ताकद असलेला माणूससुद्धा कुठे अडकायचा. ज्या एजंट बाईंपासून हे सुरू झालं त्यांचं नाव मुद्दाम घेत नाहीये, बाकी सगळी मंडळी जगजाहीर आहेत.

पार्श्वभूमी

असे सिनेमे मुळात बोटावर मोजण्याइतकेच. बोलपट आले आणि १९२९ ला एमजीएम या बड्या स्टुडिओने 'हॅलेलुया' काढला. मग १९४३ ला 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' असे दोन एकाच वर्षात आले. 'स्टॉर्मी वेदर'मधला निकोलस बंधूंचा जिन्यावरचा नाच ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघा आणि मग इकडे या, एकेका पायरीवर एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारून पाय पूर्ण फाकवून खाली उतरतात आणि परत उठून उभे, हात न टेकता. त्यानंतर १९५४ चा 'कारमेन जोन्स', ज्यासाठी डोरोथी डँड्रिजला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, हे मिळवणारी ती पहिली काळी बाई.

आता बाकीच्या वर्षांत या लोकांना काय काम मिळत होतं? गायिका लीना हॉर्नचं उदाहरण घ्या. एमजीएमच्या मोठ्या म्युझिकल्समध्ये तिला खांबाला टेकून एक गाणं म्हणायला लावायचे, कथेशी काडीचा संबंध नाही, कारण अमेरिकेच्या वर्णद्वेषी दक्षिणेतल्या गावांमध्ये सिनेमा लावताना तेवढा तुकडा कापून टाकता यावा. त्यामुळे अख्खा सिनेमाच काळ्या कलाकारांचा निघाला की सगळ्यांनी एकाच दारात गर्दी करायची, दुसरं दार नव्हतंच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

'पोर्गी अँड बेस' ही १९२५ च्या एका कादंबरीची गोष्ट, १९२७ ला तिचं नाटक झालं आणि १९३५ ला जॉर्ज गर्शविनचा ऑपेरा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टन शहरातली कॅटफिश रो नावाची वस्ती, तिथला पायाने अधू भिकारी पोर्गी जो बोकडाच्या गाडीतून फिरतो, बेस नावाची बाई, तिचा दांडगट यार क्राउन, आणि नशेच्या पावडरची पुडी विकणारा स्पोर्टिन लाइफ. लिहिणारे सगळे गोरे. गर्शविनचा आग्रह होता की ऑपेरात काळेच गायक हवेत, गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून केलेलं नको, आणि त्या काळात ती मोठीच गोष्ट होती, त्यामुळे कित्येक काळ्या गायकांना ऑपेराचं दार उघडलं. संगीत तर काय, 'समरटाइम' जगभर गुणगुणलं जातं. पण गोष्टीत जुगार, चाकू, दारू, पावडर आणि गुडघ्यावर चालणारा नायक.

१९३५ ला हे खपून गेलं. निर्माता सॅम्युअल गोल्डविनने सिनेमाचे हक्क घेतले १९५७ मध्ये. तोपर्यंत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांनी केलेला माँटगोमरीचा बस बहिष्कार होऊन गेला होता, आणि त्याच सप्टेंबरात लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळ्या पोरांना आत सोडायला सैन्य बोलवावं लागलं. पुस्तक तेच, संगीत तेच, पण बघणारे लोक बदलले होते. गोल्डविन सत्तरी ओलांडलेला, त्याला हा आपला शेवटचा, सगळ्यात भव्य सिनेमा करायचा होता (आणि तो शेवटचाच ठरला).

अडचण

पोर्गी कोण करणार? गायक-नट हॅरी बेलाफोंटेने सरळ नाही सांगितलं, सगळा सिनेमाभर गुडघ्यावर राहणं त्याला मान्य नव्हतं. त्याला गाण्यांच्या रेकॉर्डचं उत्पन्न होतं, कॅलिप्सोच्या लाटेत तो जोरात होता, त्याला परवडलं. मग नजर गेली सिडनी पॉइटियरकडे.

पॉइटियर नाही म्हणायला घाबरणारा माणूस होता असं कुणी समजू नका. बहामातल्या टोमॅटो पिकवणाऱ्या घरातला पोरगा, न्यूयॉर्कमध्ये भांडी घासून पुढे आलेला. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे एका रखवालदाराचा रोल आलेला, त्यात त्या रखवालदाराच्या मुलीला गुंड मारतात आणि बाप काहीच करत नाही, गप्प बसतो. पॉइटियर म्हणाला मी हे नाही करणार. खिशात पैसे नव्हते, घरात बाळंतपण तोंडावर आलेलं, हॉस्पिटलच्या बिलासाठी घरातल्या फर्निचरवर ७५ डॉलर उचलले, पण रोल घेतला नाही. का नाही म्हणतोयस, त्यात अपमानकारक एक शब्द नाही, असं एजंट मार्टिन बॉमने विचारलं तर म्हणे माझा बाप असं कधी वागला नसता. बॉमला हे इतकं अजब वाटलं की असल्या वेड्या माणसाचं काम आपणच बघायचं असं त्याने ठरवलं आणि पुढे अनेक वर्षं बघितलं.

म्हणजे कफल्लक असताना जो नाही म्हणाला तोच माणूस मागणी असताना हो का म्हणाला? या केसमधला खरा प्रश्न हाच आहे, आणि 'मोह झाला' हे त्याचं उत्तर नाहीये.

झालं असं की गोल्डविनच्या लोकांनी हॉलिवूडमधल्या एका एजंट बाईंकडे विचारणा केली, आणि त्या पॉइटियरला न विचारता म्हणाल्या, आणते मी त्याला, माझ्यावर सोडा. पॉइटियरला कळलं तेव्हा गोल्डविनच्या हिशोबात सौदा झालेला होता. पॉइटियर म्हणाला मला हा रोल करायचाच नाहीये. गोल्डविनचं म्हणणं, शब्द दिलाय तुमच्या माणसाने. लेखी काही नाही, सही नाही, पण या धंद्यात तोंडी शब्दावर मोठमोठी कामं चालायची आणि गोल्डविनसारख्या माणसाने 'याने शब्द मोडला' एवढं चार ठिकाणी म्हटलं की संपलं.

समोरचे पर्याय

पहिला, ठामपणे नाही म्हणायचं आणि काय होईल ते होऊ द्यायचं. सुटसुटीत वाटतो ना? पण याच सुमारास निर्माता-दिग्दर्शक स्टॅनली क्रेमरने त्याला एक स्क्रिप्ट दिलं, 'द डिफायंट वन्स'. तुरुंगातून पळालेले दोन कैदी, एक काळा एक गोरा, हाताला एकच साखळी, आणि दोघांच्या भूमिका तोडीस तोड. असा रोल काळ्या नटाला तोपर्यंत मिळालेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. पॉइटियरला तो काही झालं तरी हवा होता. आणि क्रेमरकडून समजलं की आधी गोल्डविनशी काय ते मिटव, ते लटकत असताना हे जमणार नाही.

इथे सगळं बदललं. रखवालदाराच्या वेळी एक रोल नाकारला की तेवढाच जात होता, नुकसान त्याचं आणि घरच्यांचं. इथे नको असलेला रोल नाकारला की हवा असलेलाही हातचा जाणार होता, कारण दोन्ही दारांच्या किल्ल्या एकाच छोट्या टोळक्याकडे. गोऱ्या नटाचं एका निर्मात्याशी वाजलं तर तो दुसऱ्या स्टुडिओत जाऊन वर्षभर काम करू शकायचा. पॉइटियरसारख्याला वर्षाला दोन-तीन धड रोल अख्ख्या शहरात मिळून यायचे.

दुसरा पर्याय, सोडून द्या हॉलिवूड, न्यूयॉर्कला परत जाऊन नाटक करा. हा खरा पर्याय होता, पोकळ नव्हता, पण नाटकाच्या पैशात कुटुंब चालवणं अवघड आणि सिनेमातली सात-आठ वर्षांची मेहनत पाण्यात.

तिसरा म्हणजे सगळ्यांनी मिळून नाही म्हणणं. बेलाफोंटे बाहेर होताच, पॉइटियर, डँड्रिज, गायिका-नटी पर्ल बेली हेही बाहेर राहिले असते तर गोल्डविन सिनेमा कुणाला घेऊन करणार होता? कागदावर मस्त. पण गायक-नर्तक सॅमी डेव्हिस ज्युनियर स्पोर्टिन लाइफच्या रोलसाठी जिवाचं रान करत होता, ओळखीपाळखी लावून, पार्ट्यांमध्ये गाऊन दाखवून. 'कारमेन जोन्स'नंतर डँड्रिजला नायिकेची कामं म्हणावी तशी आलीच नाहीत, ऑस्कर नामांकन घेऊन ती नाइटक्लबात गात होती. तिला 'बेस' नाकार असं सांगायचा हक्क कुणाला होता? ज्याच्या ताटात चार पदार्थ आहेत त्याने एक बाजूला सारणं वेगळं, आणि जिच्या ताटात एकच आहे तिला उपाशी उठ म्हणणं वेगळं.

चौथा, हो म्हणा पण अटी घालून. आणि पाचवा, हो म्हणा, गप काम करा, विसरून जा.

प्रत्यक्षात काय केलं

पॉइटियर हो म्हणाला. पत्रकारांसमोर गोल्डविनशेजारी उभं राहून आपल्या शंका मिटल्या अशा अर्थाचं बोलला, जे त्याच्या मनात अजिबात नव्हतं हे नंतर त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगून टाकलंय, की हा होकार दबावाखालचा होता.

अटी कोणी घातल्या तर पर्ल बेलीने. वेशभूषाकार आयरीन शराफला तिने आधीच बजावलं की डोक्याला फडकं बांधून मी उभी राहणार नाही, पॅनकेकच्या पाकिटावरच्या मोलकरणीसारखी मला दिसायचं नाहीये. मला ही गोष्ट फार आवडते. सिनेमा थांबवायची ताकद नाही, कथा बदलायची नाही, पण माझ्या डोक्यावर काय असेल ते मी ठरवणार. छोटी अट, पण लागू करता येणारी, आणि ती आधी घातली, सेटवर गेल्यावर नाही.

मग आली आग. २ जुलै १९५८, पहाटे. त्याच दिवशी सगळ्या कलाकारांची वेशभूषेसकट तालीम होणार होती. गोल्डविन स्टुडिओचा तो स्टेज, कॅटफिश रोचा अख्खा सेट, सगळे कपडे, जळून खाक. नुकसान काही दशलक्ष डॉलरचं. कुणीतरी मुद्दाम लावली अशी कुजबुज लगेच सुरू झाली, कारण सिनेमाला विरोध होताच, पण सिद्ध काही झालं नाही. ऑलिव्हर स्मिथचा सेट परत उभा राहीपर्यंत काम बंद, आणि या मधल्या काळात गोल्डविनचं दिग्दर्शक रूबेन मामूलियनशी बिनसलं. मामूलियन म्हणजे ज्याने १९२७ चं नाटक आणि १९३५ चा ऑपेरा दोन्ही बसवले तो माणूस. त्याला ठरलेले ७५ हजार डॉलर पूर्ण देऊन घरी बसवलं आणि ओटो प्रेमिंजरला आणलं, 'कारमेन जोन्स'वाला.

आता हा दुसरा निर्णयाचा क्षण, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काम थांबलेलं, दिग्दर्शक बदललेला, दिग्दर्शकांची संघटना चिडलेली. कलाकारांना बाहेर पडायला किंवा निदान नव्याने बोलणी करायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती. बाहेर पडला एकच, लेह व्हिपर नावाचा म्हातारा नट, त्याचा रोल छोटा, पण काळ्या कलाकारांच्या संघटनेचा अध्यक्ष, म्हणाला प्रेमिंजरच्या हाताखाली मी काम करणार नाही. त्याच्यामागून कुणी गेलं नाही. पॉइटियरही नाही. माझा अंदाज असा की एकदा मनाविरुद्ध हो म्हटल्यावर माणूस ते काम लवकर उरकायच्या मागे लागतो, वाटेत सुटायची फट दिसली तरी तिकडे बघत नाही.

सेटवर प्रेमिंजर ओरडायचा, त्याची ख्यातीच होती. डँड्रिजशी त्याचं पूर्वी प्रेमप्रकरण होऊन मोडलेलं, आणि सगळ्यात जास्त तिच्यावरच तो घसरायचा. पॉइटियरवर घसरला तेव्हा पॉइटियर सेट सोडून चालता झाला आणि माफी मागितल्यावरच परत आला. दोघांच्या परिस्थितीतला फरक इथे दिसतो, तिला चालतं होणं परवडणारं नव्हतं.

आणि आवाज. पॉइटियर गातच नाही, त्याला आवाज रॉबर्ट मॅकफेरिनचा, जो १९५५ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारा पहिला काळा पुरुष. डँड्रिजला ॲडेल ॲडिसनचा. पार्श्वगायनाचं आपल्याला काय कौतुक, आपण त्यावरच वाढलोय, पण इथली गंमत बघा: याच सिनेमातली नटी डायन कॅरोल स्वतः उत्तम गायिका, तरीही पडद्यावर ती 'समरटाइम' म्हणते ते लूली जीन नॉर्मन या गोऱ्या गायिकेच्या आवाजात. गर्शविनने ज्या गोष्टीसाठी हट्ट धरला होता तिच्यातच अशी फट पाडली. सॅमी डेव्हिस, पर्ल बेली आणि ब्रॉक पीटर्स यांनी स्वतःच्या आवाजात गायलंय आणि ते तुकडे लगेच जिवंत वाटतात, डेव्हिस तर सापासारखा सळसळतो.

निष्पत्ती

आधी 'द डिफायंट वन्स' आला, १९५८ ला. पॉइटियरला बर्लिनमध्ये पारितोषिक आणि सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन, काळ्या पुरुषाला हे पहिल्यांदाच. म्हणजे ज्यासाठी होकार दिला ते पदरात पडलं.

'पोर्गी अँड बेस' २४ जून १९५९ ला न्यूयॉर्कला लागला, ७० मिलिमीटरचा अवाढव्य पडदा, खर्च सुमारे ७० लाख डॉलर, आणि वसुली त्याच्या साधारण निम्मीच. संगीत नियोजनासाठी आंद्रे प्रेव्हिन आणि केन डार्बीला ऑस्कर मिळालं.

पण त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये जे चाललेलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्च १९५९ पासून ब्रॉडवेवर लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' चालू होतं, काळ्या बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं पहिलं नाटक, दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हाही काळाच, आणि त्यात शिकागोच्या कोंदट घरातल्या वॉल्टर लीच्या भूमिकेत पॉइटियर. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ नका म्हणून पैसे द्यायला आलेल्या माणसाला शेवटी वॉल्टर ली परत पाठवतो, आम्ही राहायला येणार म्हणून सांगतो. म्हणजे एकाच शहरात, एकाच सीझनला, तोच नट एका थिएटरात गुडघ्यावर आणि दुसऱ्यात ताठ उभा. त्यावर कळस म्हणजे हॅन्सबेरीने शिकागोच्या टीव्हीवर प्रेमिंजरशी समोरासमोर वाद घातला, की असल्या साचेबंद पात्रांनी माणसांचं नुकसान होतं आणि कलेचंही.

सिनेमा १९६७ ला एकदा टीव्हीवर दाखवला. गोल्डविनचे हक्क ठराविक वर्षांपुरतेच होते, ते संपले, गर्शविन कुटुंबाला सिनेमा आवडलेला नव्हता, आणि मग तो जवळजवळ गायबच झाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत जतनासाठी नाव घातलं गेलं, पण नीट प्रिंट मिळवून बघणं आजही दुर्मिळ.

डँड्रिज १९६५ ला वयाच्या ४२ व्या वर्षी गेली. पॉइटियरला १९६४ मध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, एजंटला तोंडी होकार द्यायचा अधिकारच नाही हे आधीपासून लेखी असायला हवं होतं. मार्टिन बॉम न्यूयॉर्कमध्ये, बाई हॉलिवूडमध्ये, आणि कुणी कुठपर्यंत बोलायचं हे ठरलेलंच नाही, तिथेच घोळ झाला. नैतिक पेच वगैरे सगळं नंतर, सुरुवात शुद्ध कारकुनी ढिलाईने झालेली आहे.

दुसरं, क्रेमर. लोक गोल्डविनला खलनायक करतात, पण मला क्रेमरकडे बोट दाखवावंसं वाटतं. तो स्वतंत्र निर्माता, पुरोगामी म्हणून नाव असलेला, वर्णद्वेषाविरुद्ध सिनेमा काढत होता आणि त्याच सिनेमाच्या नायकाला सांगत होता की आधी तिकडचं मिटव. त्याने पॉइटियरला आधी करारबद्ध करून गोल्डविनला दोन शब्द सुनावले असते तर? धोका होता, मान्य, पण तो धोका क्रेमरला पेलवण्यासारखा होता, पॉइटियरला नव्हता. त्याने तो घेतला नाही आणि याबद्दल त्याला कुणी फारसं विचारतही नाही.

पॉइटियरने अटी घालायला हव्या होत्या का? मला वाटतं हो, आणि नेमक्या बेलीसारख्या छोट्या. पोर्गीला किती वेळ गुडघ्यावर दाखवायचं, बोलीचा उच्चार कसा करायचा, पत्रकारांसमोर काय बोलायचं आणि काय नाही. विशेषतः ते शेवटचं. रोल करणं वेगळं आणि माझ्या शंका मिटल्या असं जाहीर सांगणं वेगळं, पहिलं पोटासाठी झालं असं म्हणता येतं, दुसरं टाळता आलं असतं. गोल्डविनला नट हवा होता, नटाचं मत नसतं मिळालं तरी त्याने सिनेमा थांबवला नसता.

आगीनंतरचे आठवडे तर वायाच घालवले सगळ्यांनी. पॉइटियर, डँड्रिज, डेव्हिस, बेली यांनी तेव्हा एकत्र बसून नुसतं एवढं मागितलं असतं की दिग्दर्शकाच्या हाताखाली किंवा पटकथेवर एक तरी काळा माणूस घ्या, तर काय झालं असतं? गोल्डविन तेव्हा पैशाने पोळलेला होता, परत नट शोधायची त्याची तयारी नसणार. पडद्यावर सगळे काळे आणि कॅमेऱ्यामागे पटकथाकार, निर्माता, दोन्ही दिग्दर्शक, सगळे गोरे, या सगळ्या म्युझिकल्सची हीच रचना होती. मोठ्या स्टुडिओने काळ्या दिग्दर्शकाच्या हातात सिनेमा द्यायला १९६९ उजाडलं, गॉर्डन पार्क्सचा 'द लर्निंग ट्री', आणि तोवर अशा म्युझिकल्सचा जमाना संपून गेलेला.